किशोरांचे मनःस्वास्थ्य : डिजिटल मंच आणि त्यांच्या खर्चाची जबाबदारी

किशोरवयीन मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना फोनवरून आरोग्याची माहिती देणारी, मनाला आधार देणारी आणि गरज पडल्यास उपचारांपर्यंत पोहोचवणारी सेवा चालवायला पैसा लागतो. तो पैसा कोण देतो, किती वर्षे देतो आणि कोणत्या कामासाठी देतो, यावर त्या सेवेचे आयुष्य ठरते. ती सेवा अडचणीच्या वेळी कोणाच्या बाजूने उभी राहील, हेही त्यावरच ठरते. म्हणून अशा मंचांचा विचार तंत्रज्ञानापासून सुरू न करता पैशापासून सुरू करणे योग्य आहे.

गरजेचा आवाका

जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 या वयाला किशोरावस्था मानते. 2011च्या जनगणनेनुसार भारतात या वयाची मुले सुमारे 25 कोटी 30 लाख होती. म्हणजे दर पाच माणसांमागे एक. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यातील 13 ते 17 वयोगटाच्या पाहणीत 7.3 टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. याच सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मानसिक आजारांत उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण 70 ते 92 टक्के होते. देशात लाख लोकसंख्येमागे मनोविकारतज्ज्ञ एकसुद्धा पुरा पडत नाही. हे प्रमाण सुमारे 0.75 इतके आहे. बालक आणि किशोर यांच्यावरच काम करणारे तज्ज्ञ त्याहून कितीतरी कमी, आणि तेही मोठ्या शहरांत एकवटलेले.

ही तूट केवळ दवाखाने वाढवून नजीकच्या काळात भरून निघणारी नाही. फोन मात्र घराघरांत पोहोचला आहे. ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या 2023च्या ग्रामीण पाहणीत 14 ते 18 वयोगटातील सुमारे 90 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. परंतु फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन 43.7 टक्के मुलांकडे आणि केवळ 19.8 टक्के मुलींकडे होता. फोन घरात असणे आणि तो एकटीच्या हातात असणे यांतील हे अंतर मंचाच्या खर्चात मोजावे लागते. ज्या मुलीला भावाच्या किंवा वडिलांच्या फोनवरूनच बोलायचे आहे, तिच्यासाठी शाळेतला फोन, आरोग्य केंद्रातली खोली किंवा विश्वासाच्या शिक्षिका ही व्यवस्था लागते. या व्यवस्थेचा खर्च ॲपच्या अंदाजपत्रकात सहसा धरलेला नसतो.

खर्च नेमका कुठे होतो

सरकारी हिशेबात खर्चाचे दोन भाग करतात : अनावर्ती आणि आवर्ती. मंच उभारण्याचा खर्च अनावर्ती. त्यात ॲपची बांधणी, चित्रफिती, पहिल्या भाषांतील मजकूर, उद्घाटन आणि जाहिरात येते. चालवण्याचा खर्च आवर्ती. त्यात समुपदेशकांचे मानधन, त्यांच्यावर देखरेख करणारे मानसशास्त्रज्ञ, माहितीची सुरक्षा, मजकुराची दरवर्षीची दुरुस्ती आणि नव्या फोनांवर ॲप चालत राहावे म्हणून करावे लागणारे बदल येतात. देणाऱ्याला पहिला भाग आवडतो, कारण त्याची फीत कापता येते. गावच्या नळपाणी योजनेत टाकी उभी राहते, नळ बसतात आणि वीजबिल थकले की पंप बंद पडतो. डिजिटल मंचांचे नेमके तसेच होते.

आवर्ती खर्चाचा मोठा वाटा माणसांचा असतो. चोवीस तास चालणाऱ्या हेल्पलाइनवरची एक खुर्ची आठवड्याला 168 तास भरलेली राहावी लागते. एक माणूस आठवड्याला 48 तास काम करतो असे धरले तरी एका खुर्चीला साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण आणि प्रशिक्षणाचे दिवस मिळवले की चार ते पाच. रात्री अकराला दहावीतला मुलगा फोन करतो, आधी परीक्षेचे काहीतरी विचारतो, मग गप्प होतो, आणि बऱ्याच वेळाने जगावेसे वाटत नाही असे म्हणतो. तो गप्प असताना पलीकडचा समुपदेशक फोन न ठेवता थांबला पाहिजे. किती मिनिटांत फोन संपवला यावर ज्याचे मानधन ठरते, त्याला असे थांबता येत नाही. म्हणून मानधनाचा करार कसा लिहिला आहे, हा सेवेच्या गुणवत्तेचा प्रश्न आहे.

माणसाची सोबत खरोखर किती उपयोगी पडते, याचा पुरावा भारतातच तयार झाला आहे. 1996 मध्ये गोव्यात सुरू झालेल्या संगत या संस्थेने वेलकम ट्रस्टच्या निधीतून ‘प्राइड’ हा किशोरांसाठीचा संशोधन प्रकल्प गोवा आणि दिल्ली येथे चालवला. दिल्लीतील सरकारी शाळांतील 250 विद्यार्थ्यांच्या चाचणीत एका गटाला अडचणी सोडवण्याची पद्धत शिकवणाऱ्या छापील पुस्तिका दिल्या. दुसऱ्या गटाला त्याच पुस्तिका देऊन काही आठवडे समुपदेशकाची छोटी सत्रे जोडली. हे समुपदेशक मनोविकारतज्ज्ञ नव्हते. त्यांना या कामापुरते प्रशिक्षण दिले होते. सहा आठवड्यांनी पाहिले, तेव्हा मुलांना जाणवणाऱ्या अडचणींची तीव्रता समुपदेशकाची साथ मिळालेल्या गटात अधिक घटली होती. मानसिक लक्षणांत मात्र तेवढ्या काळात दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. तो वर्षभराच्या पाठपुराव्यात दिसला.

याच प्रकल्पातून ‘पॉड ॲडव्हेंचर्स’ हा फोनवरचा खेळ तयार झाला. त्यात गोष्टीतील पात्रांच्या अडचणी सोडवता सोडवता विद्यार्थी तीन पायऱ्या शिकतो : अडचण नेमकी मांडायची, पर्याय शोधायचे आणि एक पर्याय करून पाहायचा. मग हीच रीत तो स्वतःच्या अडचणीला लावतो. गोव्यातील शाळांत हा खेळ समुपदेशकाच्या सोबतीने वापरला गेला. कोविडच्या काळात शाळा बंद झाल्यावर तो घरी वापरता येईल असा बदलला, तरी फोनवरून मार्गदर्शन करणारा माणूस काढून टाकला नाही. या सगळ्यावरून निधी देणाऱ्याला एक सरळ नियम मिळतो : ॲपवर खर्च होणाऱ्या रकमेबरोबर ॲपच्या पलीकडच्या माणसाची रक्कम बांधलेली असली पाहिजे.

सरकारी निधी

भारतात किशोरांच्या आरोग्यावरचा मुख्य खर्च राष्ट्रीय आरोग्य अभियानातून होतो. त्याचा भार बहुतेक राज्यांत केंद्र 60 टक्के आणि राज्य 40 टक्के असा वाटलेला आहे. 7 जानेवारी 2014 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात पोषण, प्रजनन आरोग्य, असंसर्गजन्य आजार, व्यसने, इजा व हिंसा आणि मानसिक आरोग्य असे सहा विषय आहेत. याच कार्यक्रमातून 2017 मध्ये ‘साथिया सलाह’ हे ॲप निघाले. महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांतील किशोरांच्या सल्ला केंद्रांना ‘मैत्री क्लिनिक’ म्हणतात. ॲप, गावातील समवयस्क शिक्षक आणि क्लिनिक यांची साखळी कागदावर पूर्ण आहे. क्लिनिकमधले समुपदेशकाचे पद रिकामे राहिले की ती मधोमध तुटते. मग ॲपवर ‘जवळच्या केंद्रात जा’ असे वाचून गेलेला मुलगा हात हलवत परत येतो आणि पुन्हा फिरकत नाही.

2022-23च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेली टेलि-मानस सेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली. 14416 हा क्रमांक फिरवला की भाषा निवडता येते, राज्याच्या कक्षातील प्रशिक्षित समुपदेशक फोन घेतो आणि गरज असल्यास तो मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा जिल्ह्यातील सेवेकडे सोपवतो. सेवा चोवीस तास, मोफत आणि मराठीसह 20 भाषांत आहे. निम्हान्स तिची शिखर संस्था आहे. दोन वर्षांत तिच्यावर 14 लाखांहून अधिक फोन आले आणि 2024 मध्ये तिचे ॲपही निघाले. या सेवेसाठीची तरतूद 2022-23 मध्ये 120.98 कोटी, 2023-24 मध्ये 133.73 कोटी आणि 2024-25 मध्ये 90 कोटी रुपये होती. उभारणीचा खर्च संपल्यावर आकडा थोडा उतरणे समजण्यासारखे आहे. पण फोन वाढत असताना तरतूद उतरत असेल, तर त्या उताराचे कारण दरवर्षी जाहीरपणे तपासले गेले पाहिजे. मागणीबरोबर वाढणाऱ्या सेवेला मागणीबरोबरच वाढणारी तरतूद लागते.

सरकारी निधीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे टिकाऊपणा. बेवारस आणि संकटातील मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइन 1996 मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून सुरू झाली. पुढे केंद्र सरकारने निधी दिला, देशभर जाळे पसरले आणि 2023 पासून ती मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखाली राज्य सरकारांकडे आली. एका संस्थेत जन्मलेली सेवा सरकारच्या कायम यंत्रणेत कशी जाते, याचे हे भारतातील ठळक उदाहरण. असे हस्तांतर होताना वर्षानुवर्षे मुलांशी बोललेले कार्यकर्ते सोबत नेण्याची तरतूद आधीच असावी लागते. क्रमांक तोच राहिला तरी अनुभव आपोआप त्याच्याबरोबर जात नाही.

न्यायालयाच्या आदेशांनीही खर्च निर्माण होतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, असे सांगितले आहे. कोचिंग क्लासच्या नफ्यातून हे पद सहज निघेल. अनुदानित ग्रामीण शाळेत ते कोणत्या लेखाशीर्षातून निघणार, याचे उत्तर राज्याच्या अर्थसंकल्पाने द्यायचे आहे. अनेक शाळांनी मिळून एक समुपदेशक आणि त्याच्या मागे टेलि-मानसचा आधार, ही जोडणी लहान गावांना परवडणारी आहे.

कंपन्यांचा आणि देणगीदारांचा पैसा

कंपनी कायदा 2013च्या कलम 135 नुसार 500 कोटींची निव्वळ संपत्ती, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. यालाच बोलीत सीएसआर म्हणतात. आरोग्य आणि शिक्षण हे दोन्ही विषय त्याच्या यादीत आहेत, त्यामुळे किशोरांच्या मंचाला हा निधी मिळू शकतो. अडचणी तीन ठिकाणी येतात. कंपन्या आर्थिक वर्षाच्या हिशेबाने चालतात. 31 मार्चच्या आत खर्ची पडणारे काम त्यांना सोयीचे वाटते. कायदा कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो, आणि फोनवरच्या सेवेचा ‘आसपासचा भाग’ दाखवता येत नाही. तिसरे म्हणजे वाटलेल्या सायकलींचे छायाचित्र निघते. टळलेल्या आत्महत्येचे निघत नाही.

यातली पहिली अडचण नियमांतूनच सुटते. 2021च्या दुरुस्तीनंतर काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केले, तर सुरुवातीचे वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत त्यावर खर्च करता येतो. संस्थांनी एका वर्षाचा प्रस्ताव न देता असा बहुवर्षीय प्रस्ताव द्यावा आणि कंपन्यांनी तो मागावा. परदेशी देणग्यांवर मात्र 2020च्या कायदादुरुस्तीने दोन बंधने कडक झाली : प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली आणि मिळालेली देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास मनाई झाली. मोठ्या संस्थेने तंत्र सांभाळायचे आणि तालुक्यातील लहान संस्थांनी प्रत्यक्ष काम करायचे, ही पूर्वीची रचना या निधीतून आता चालत नाही. तिसरा मार्ग सेबी या भांडवली बाजाराच्या नियामकाने उघडलेल्या सोशल स्टॉक एक्स्चेंजचा आहे. तेथे ना-नफा संस्था विशिष्ट रोख्यांद्वारे सर्वसामान्यांकडून निधी उभारू शकते. त्या बदल्यात पैसे परत मिळत नाहीत, कामाचा अहवाल मिळतो. मानसिक आरोग्य हा विषय त्याच्या पात्र यादीत आहे.

नफ्याचे भांडवल आणि माहितीचा सौदा

गुंतवणूकदारांच्या भांडवलावर उभे राहिलेले मंच वेगाने वाढतात आणि तितक्याच वेगाने बंदही पडू शकतात. अमेरिकेत औषध नियामकाची मान्यता मिळवलेली उपचार-ॲप बनवणारी पेअर थेरप्युटिक्स ही कंपनी एप्रिल 2023 मध्ये दिवाळखोरीत गेली. ‘वोबॉट’ या गाजलेल्या संभाषक ॲपने 30 जून 2025 रोजी आपली सेवा थांबवली. प्रौढ ग्राहक दुसरे ॲप शोधतो. ज्या मुलीने महिनोन्‌महिने फक्त एकाच जागी मन मोकळे केले, तिला ती जागा अचानक बंद झालेली दिसणे हा नवा धक्का असतो.

अधिक गंभीर धोका माहितीच्या सौद्याचा आहे. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2023 मध्ये ‘बेटरहेल्प’ या ऑनलाइन समुपदेशन कंपनीवर कारवाई केली. ग्राहकांना गोपनीयतेचे आश्वासन देऊन त्यांची माहिती फेसबुक, स्नॅपचॅट अशा कंपन्यांना जाहिरातींसाठी दिल्याचा आरोप होता. कंपनीला 78 लाख डॉलर भरावे लागले. ‘क्रायसिस टेक्स्ट लाइन’ ही तर ना-नफा संस्था. संकटातील तरुणांशी संदेशांतून बोलण्याचे मोलाचे काम ती 2013 पासून करत होती. तिने संभाषणांतील ओळख पुसलेली माहिती स्वतःच स्थापन केलेल्या एका व्यावसायिक कंपनीला दिली होती. जानेवारी 2022 मध्ये हे उघड होताच टीका झाली आणि काही दिवसांत तिने तो व्यवहार थांबवला. तेथे हेतू सेवा टिकवण्याचा होता. निधीची जागा रिकामी राहिली की मुलांनी विश्वासाने सांगितलेले दुःख हेच विकण्याजोगे भांडवल वाटू लागते. ही वाट पूर्ण बंद असली पाहिजे, आणि ती बंद ठेवायची तर रास्त निधी आधी मिळाला पाहिजे.

भारताच्या 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे. बालकाची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती, बालकाच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास व त्याला लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई, आणि हे कर्तव्य मोडल्यास 200 कोटींपर्यंत दंड अशी तरतूद आहे. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये नियम निघाले. त्यांत रुग्णालये, मानसिक आरोग्य संस्था, आरोग्य व्यावसायिक आणि शिक्षणसंस्था यांना बालकाच्या आरोग्याच्या वा शिक्षणाच्या गरजेपुरती सूट आहे. याचा निधीवर थेट परिणाम होतो. घरातील मारझोडीबद्दल बोलू पाहणाऱ्या मुलाला आधी घरच्यांची परवानगी आणायला सांगणे म्हणजे त्याला परत पाठवणे. ज्या मंचामागे मान्यताप्राप्त आरोग्यसंस्था किंवा शाळा उभी आहे, त्यालाच अशा मुलाला सुरक्षितपणे ऐकून घेता येईल. म्हणून निधीही अशा जोडणीला मिळावा. केवळ ॲप बनवणाऱ्याला नव्हे.

पालकांसाठी स्वतंत्र तरतूद

पालकांना मुलांच्या ॲपमध्ये एक कोपरा देऊन भागत नाही, कारण त्यांचे प्रश्न वेगळे असतात. मूल खोलीचे दार लावून बसते, जेवत नाही, फोन काढून घेतला की अंगावर येते. अशा वेळी आईला त्याच संध्याकाळी काय बोलावे आणि काय बोलू नये, हे हवे असते. ऑस्ट्रेलियात ‘रीचआउट’ ही ऑनलाइन सेवा तरुणांसाठी 1998 मध्ये सुरू झाली. पालकांसाठीची स्वतंत्र सेवा 2016 मध्ये आली आणि तिच्यात पालकांना एकेकट्याने मार्गदर्शन मिळण्याची सोय ठेवली गेली. कॅलिफोर्निया राज्याने जानेवारी 2024 मध्ये दोन मोफत मंच सुरू केले : 12 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कुटुंबांसाठी ‘ब्राइटलाइफ किड्स’ आणि 13 ते 25 वयोगटासाठी ‘सोलुना’. तेथे विमा असो वा नसो, सेवा मिळते. खर्च राज्याच्या तिजोरीतून होतो. पालकांचा हात कुठवर आणि मुलांचा एकांत कुठून, ही रेघ रचनेतच आखल्यामुळे दोघांचाही विश्वास टिकतो.

महाराष्ट्रात पालकांशी मराठीतून बोलण्याची परंपरा जुनी आहे. 1986 पासून पुण्यात काम करणाऱ्या मुक्तांगणने व्यसनमुक्तीत कुटुंबाला उपचाराचा भाग मानले. ठाण्याच्या आयपीएच संस्थेने 1990 पासून मानसिक आरोग्याच्या लोकशिक्षणाचे काम केले आणि पुढे ते यूट्यूबवर नेले. अशा संस्थांकडे शब्द आहेत, अनुभव आहे आणि लोकांचा विश्वास आहे. मराठी मजकूर इंग्रजीतून भाषांतरित करून घेण्यापेक्षा या अनुभवातून लिहून घ्यायला पैसा द्यावा. वाचता न येणाऱ्या आजीला, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांना आणि मुलाला सांभाळणाऱ्या मामाला तो ऐकता यावा, म्हणून तो बोललेल्या रूपात हवा. त्याची किंमत अंदाजपत्रकात वेगळी दाखवावी.

निधीची घडी

वरील विवेचनातून निधीची एक घडी निघते. कायमचा, आवर्ती खर्च सरकारने उचलावा, कारण मुलांचे आरोग्य ही त्याचीच जबाबदारी आहे आणि टेलि-मानसच्या रूपाने कणा तयार आहे. सीएसआर आणि देणग्यांनी नवे प्रयोग, बोलींतला मजकूर, समुपदेशकांचे प्रशिक्षण आणि शाळांतील जोडणी यांचा भार किमान तीन वर्षांसाठी घ्यावा. खासगी कंपन्यांची तंत्रे विकत घ्यावीत, पण माहितीची मालकी आणि साठा सार्वजनिक संस्थेकडेच राहील असा करार करावा.

यश किती जणांनी ॲप उतरवून घेतले यावर मोजू नये. फोन किती वेळात उचलला गेला, दुसऱ्या वेळी किती मुले परत आली, क्लिनिककडे पाठवलेल्यांपैकी किती तेथे पोहोचली, मुली आणि ग्रामीण मुले यांचा वाटा किती, हे आकडे दर वर्षी प्रसिद्ध व्हावेत. स्वतंत्र मूल्यमापनासाठी रक्कम पहिल्याच मंजुरीत राखून ठेवावी. प्रत्येक मंचाच्या मंजुरीपत्रात समाप्तीची अट असावी : निधी संपणार असेल, तर किमान सहा महिने आधी कळवणे, सेवा घेत असलेल्या मुलांना नाव-गाव न फोडता दुसऱ्या सेवेकडे सोपवणे आणि जमा झालेली संभाषणे नष्ट करणे. या अटीचा खर्चही पहिल्या दिवशीच बाजूला काढलेला असावा.